सोळा इंचांची होडी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या हस्तकला-प्रदर्शनात मी एक लाकडी होडी मांडली होती, हे आपणांपैकी काहींना आठवत असेल. भरतकाम, विणकाम, मण्यांची तोरणे आणि रुखवताचे जिन्नस ह्यांच्या रांगेत ती रंग उडालेली, चिखलाचे डाग पडलेली होडी पाहून एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "अहो, मांडण्यापूर्वी जरा पुसून तरी घ्यायची होती." त्यांना वाटले, माळ्यावरून काढून तशीच आणली. मला फार आनंद झाला. कारण ती होडी बांधायला मला चार महिने लागले होते, आणि तिच्यावरचे डाग, गंज, शेवाळ व चिखल बसवायला सात!

हे चिटणीसबाईंच्या कानावर गेले आणि त्यांनी आज बोलण्याचा आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

माझे माहेर रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीकाठी. वडिलांची, म्हणजे आमच्या आबांची, डोल जाळ्याची होडी होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. डोल म्हणजे लांबट पिशवीसारखे मोठे जाळे. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी त्यातून वाहते आणि बोंबील, करंदी, जवळा आत अडकतात. पाण्याची ओढ थांबते तेवढ्या अवधीत जाळे ओढून होडीत घ्यायचे असते. आबांची होडी १९७१ साली गावच्या किनाऱ्यावरच बांधलेली. आधी ती शिडावर चाले. १९८४ साली तिला डिझेलचे इंजिन बसले. पुढे तिचे लाकूड थकले, भाऊ दुसऱ्या नोकरीला लागले, आणि २०१४ साली ती मोडीत काढली. फळ्या जळणाला गेल्या. त्या दिवशी आबा ओटीवर बसून होते, किनाऱ्यावर गेले नाहीत, असे भावजय सांगते.

२०२२ साली माझ्या भाचीचे लग्न ठरले. तिची इच्छा अशी की रुखवतात आजोबांची होडी असावी. रुखवताचे काम माझ्याकडे नेहमीच असते. मी प्लायवूडची होडी कापली, चकचकीत निळा रंग दिला, सॅटिनचे शीड लावले, काठाला सोनेरी लेस डकवली. मांडवात सर्वांनी कौतुक केले. लग्न आटोपल्यावर मी ती आबांच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, लेसवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "छान केलीस, बाय. पण ही आपली नव्हे. ही अजून पाण्यात गेलेली नाही."

ते रागाने बोलले नव्हते. पण मला ते लागले. मी मनात म्हटले, आता पाण्यात गेलेली होडी करून दाखवायची.

पहिली अडचण मापांची. खरी होडी नाही, तिचा नकाशा नाही. आमच्याकडचे होडी बांधणारे मिस्त्री कागदावर आखत नसत. सगळे हिशेब त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत. मागे दोनच जिन्नस राहिले होते. एक म्हणजे सुकाणू. ते परसात भिंतीला टेकवून ठेवले होते आणि त्यावर कोंबड्या बसत. दुसरा एक फोटो. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटण्यापूर्वी उजव्या बाजूने काढलेला.

मी टेप लावून सुकाणू मोजले, ते भरले पाच फूट. फोटोत तेच सुकाणू पट्टीने मोजले, दोन सेंटिमीटर. म्हणजे फोटोतले दोन सेंटिमीटर म्हणजे खरे पाच फूट. फोटोतली होडी १२.८ सेंटिमीटर होती. हिशेब केला, बत्तीस फूट आले. आबांना विचारले, तर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता बत्तीसच सांगितले. समोरून काढलेल्या फोटोत हे गणित जमत नाही, कारण जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसते. आमचा फोटो सुदैवाने सरळ बाजूने काढलेला होता. रुंदी मात्र फोटोत दिसेना. ती आबांनी सांगितली सहा हात, म्हणजे नऊ फूट.

मग प्रमाण ठरवले, एका फुटाला अर्धा इंच. म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या चोविसावा भाग. बत्तीस फुटांची होडी झाली सोळा इंचांची, आणि नऊ फूट रुंदी झाली साडेचार इंचांची. हे प्रमाण सोपे. शाळेच्या पट्टीवर सगळे मोजता येते.

लाकूड कोणते घ्यावे ह्याचाही विचार करावा लागला. खरी होडी सागाची, म्हणून मी सागाच्या पट्ट्या आणल्या. पण सागाच्या रेषा ठळक. सोळा इंचांच्या होडीवर त्या चोवीसपट मोठ्या दिसू लागल्या, जणू एका फळीत अख्खे झाड! आमच्या इथल्या सुताराने हेदाचे लाकूड सुचवले. ते पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचे असते. खरी फळी सव्वा इंच जाड आणि सहा इंच रुंद होती. चोविसाने भागून माझी पट्टी झाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड आणि पाव इंच रुंद. अशा पट्ट्या सुताराने मला चिरून दिल्या.

आधी पठाण केले. होडीच्या तळाशी लांबच लांब जाणारा कणा, त्याला पठाण म्हणतात. त्याला पुढे उंच नाळ जोडली. मग पातळ प्लायवूडच्या अकरा बरगड्या कापून एका पाटावर उलट्या उभ्या केल्या आणि त्यांवर पट्ट्या चढवल्या. पट्टी गरम पाण्यात भिजवली की वाकते. ती फेविकॉलने चिकटवून सुकेपर्यंत कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. त्या दिवसांत आमच्या ह्यांचे सदरे चिमट्यांवाचून दोरीवरून खाली पडत आणि ते मला विचारीत, "आज होडीने किती चिमटे खाल्ले?"

एक चूक मी केली, ती सांगते. पहिल्या वेळी मी एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तो पठाण पिळवटलेले. पट्टी सुकताना ओढते. म्हणून एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, असे आळीपाळीने जावे लागते. ती होडी मोडून पुन्हा आरंभ केला.

बाकीचे सामान घरातलेच. इंजिनाच्या धुराचे नळकांडे म्हणजे संपलेली रिफिल. पिंप म्हणजे औषधाच्या बाटलीचे झाकण. नांगर तारेचा. दोर म्हणजे तीन पदरी पीळ दिलेला सुती दोरा. पण दोऱ्याला बारीक केस असतात आणि ते लहान होत नाहीत. म्हणून त्याला मेण चोळले की केस बसतात. चकाकीही तशीच. ऑइल पेंटची चकाकी लहान वस्तूवर खोटी दिसते, म्हणून शेवटचा हात बिनचकाकीचा, मॅट वॉर्निशचा द्यावा. रंगही लांबून पाहिलेल्या वस्तूचा फिका दिसतो, म्हणून डब्यातल्या निळ्यात थोडा पांढरा मिसळावा.

चार महिन्यांनी होडी उभी राहिली. आता तिला जुनी करायची. मला वाटले, हे तर सोपे. चहाचे कडक पाणी आणि काळा रंग कालवून बोळ्याने सगळीकडे फासले आणि माहेरी नेली. आबांनी ती उजेडाला धरली. "ही मळली आहे," ते म्हणाले. "घाण वेगळी आणि झीज वेगळी. घाण कुठेही बसते. झीज जिथे काम झाले तिथेच होते. इथे काय घासत होते, सांग बघू?"

मला सांगता आले नाही. मी जन्मापासून ती होडी पाहिली होती, पण अशी पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून मी एक वही केली. पानावर तीन रकाने आखले: जागा, कारण, उपाय. दर महिन्याला दोन दिवस माहेरी जाई, आबांना विचारी आणि लिहून घेई. कारण सापडल्याशिवाय एकही डाग लावायचा नाही, असे ठरवले. त्यातले काही आपणांस सांगते. आपल्या स्वयंपाकघरातले ज्ञान त्यात पुष्कळ आहे.

पहिली जागा, होडीचा उजवा काठ. आबा जाळे नेहमी उजवीकडून ओढीत. वर्षानुवर्षे ओला दोर एकाच जागी घासून काठावर चर पडले होते. डावा काठ त्या मानाने धड होता. मी जाड दोऱ्याला वाळूचे बारीक कण चिकटवून, उजव्या काठावरून खरोखरच पुढे-मागे ओढला. चर पडले ते हुबेहूब, कारण ते त्याच रीतीने पडले होते.

दुसरी जागा, खिळे. लोखंडी खिळ्याखाली सागाच्या लाकडावर काळी रेघ ओघळते. मी आधी तांबूस गंज रंगवला होता. आबा म्हणाले, लाकडावर काळा, रंगावर तांबडा. ह्याचे कारण आपल्याला स्वयंपाकघरात सापडते. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो. आवळ्यात जो तुरटपणा, तोच लाकडात आणि चहात. लोखंड त्याला भेटले की काळे होते. हिरडा आणि लोखंड ह्यांची शाई पूर्वी ह्याच रीतीने करीत. म्हणून मी एका बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात गंजके खिळे टाकले आणि आठवडाभर ठेवले. बरणीचे झाकण घट्ट लावू नये, आत वायू धरतो. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी इथे चालत नाही. जे गंजते तेच हवे. कोऱ्या लाकडावर आधी कडक चहाचा हात द्यायचा, तो सुकला की खिळ्यांचे पाणी लावायचे. पाहता पाहता लाकूड करडे होऊन काळवंडते. टाचणीच्या टोकाने एकेका खिळ्याखाली एकेक रेघ ओढली. मात्र आधी टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे. एकदा काळे झालेले सहजासहजी परत उजळत नाही.

तिसरी गोष्ट, उडालेला रंग. आमची होडी मुळात हिरवी होती. १९८९ साली ती निळी केली. त्यामुळे निळ्याचा पापुद्रा उडाला की खालून हिरवा डोकावे. हे मिठाने साधते. आधी पूर्ण होडी हिरवी रंगवून सुकू द्यायची. मग जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे पाण्याचे बोट लावून जाड मीठ भुरभुरायचे. ते सुकले की वरून निळा रंग स्पंजने हलकेच टिपायचा. निळा वाळल्यावर जुन्या ब्रशाने मीठ झाडून टाकले की खालचा हिरवा वेड्यावाकड्या ठिपक्यांनी उघडा पडतो. असे ठिपके हाताने रंगवून येत नाहीत. मी प्रथम पाण्यातला रंग वापरला, तर मीठच विरघळले! तेलातला रंगच हवा. आणि मीठ सगळीकडे टाकायचे नाही. जिथे नांगर आपटतो तिथे, जिथे शेजारची होडी धडकते तिथे, बस.

चौथी, पाण्याची रेघ. मी शेवाळाचा पट्टा पट्टी लावून सरळ ओढला होता. आबा म्हणाले, "आपली होडी मागून बसायची." इंजिन मागे, त्याचे वजन मागे, म्हणून पाण्याची खरी रेघ मागच्या बाजूला वर चढत जाई. होडीवर रंगाने आखलेली रेघ सरळ, पण शेवाळाची रेघ तिरकी! एवढ्या एका बदलाने होडीत जणू इंजिनाचे वजन आले.

पाचवा, चिखल. तो मी रंगाचा केलाच नाही. खाडीतला चिखल आणून वाळवला, कुटला आणि तलम फडक्यातून गाळला. ते राखाडी पीठ पातळ डिंकाच्या पाण्याने तळाशी बसवले, कारण ओहोटीला होडी खाडीच्या चिखलातच टेकत असे. धुराच्या नळकांड्यामागे काजळी लावली, तीही मागच्या दिशेने विरळ होत जाणारी, कारण होडी पुढे जाते आणि धूर मागे राहतो. वरच्या फळ्या उन्हाने फिक्या पडतात, खालच्या नाहीत. आणि नाळेवर कुंकू. दर नारळी पौर्णिमेला आई होडीची पूजा करी. खाऱ्या पाण्याने ते कुंकू धुऊन जाई आणि एक फिकट गुलाबी ओघळ तेवढा वर्षभर राही. तो ओघळ मी आईच्या करंड्यातल्या कुंकवानेच काढला. आई आता नाही.

अशा रीतीने सात महिन्यांतले सहा गेले. वहीची सर्व पाने भरली. होडी पुरी झाली असे समजून मी ती आबांपुढे ठेवली.

ह्या वेळी त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. उजवी बाजू पाहून मान हलवली. मग होडी फिरवून डावी बाजू वर केली आणि बोटाने मागच्या अंगाला, पाण्याच्या रेघेजवळ, चाचपू लागले. म्हणाले, "इथली फळी कुठे आहे?"

मी म्हटले, "फोटोत डावी बाजू दिसत नाही, आबा."

भगिनींनो, ही सबब होती. ती फळी मला चांगली ठाऊक होती.

१९९३ सालच्या मे महिन्यात मी सातवी पास झाले. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल खाडीपलीकडे. तरीचे भाडे, एसटीचे भाडे, गणवेश, पुस्तके, ह्यांची बोलणी घरात झाली होती आणि मी जायचे हे ठरलेही होते. जूनच्या आरंभी होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढली, तेव्हा डाव्या बाजूची एक फळी किड्याने पोखरलेली निघाली. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आतून फळीची चाळण झालेली असते. किडा लागू नये म्हणून तळाला चुन्याचा लेप देत, तरी तो लागे. सहा फूट फळी बदलावी लागली. सागाचे लाकूड आणि मिस्त्रीची मजुरी ह्यांत घरातला पैसा गेला. आई दुसऱ्यांची मासळी विकायला बाहेर पडू लागली, आणि धाकट्या भावांना सांभाळायला मी घरी राहिले. पुढल्या वर्षी पाहू, असे म्हणाले. पुढल्या वर्षी कुणी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आबा म्हणाले, "सहा फुटांची फळी. त्या वर्षी तुझी शाळा त्या फळीत गेली, बाय. ती लावल्यावाचून होडी पुरी कशी होईल?"

तीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारले नव्हते. मला वाटे, त्यांच्या ते लक्षातही नसेल. मी काही उत्तर दिले नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

माझ्या मनात राग नव्हता, असे मी इथे उभी राहून म्हणणार नाही. तो होता, आणि म्हणूनच मी ती फळी होडीतून वगळली होती. पण ती फळी बसली नसती तर त्या श्रावणात होडी पाण्यात गेली नसती, आणि आम्ही सहा माणसे खाणार काय होतो? हेही तितकेच खरे. मला ह्यांतले एक खरे आणि दुसरे खोटे ठरवता आले नाही, आजही येत नाही.

घरी आल्यावर मी पुरी झालेली होडी पुन्हा पाटावर घेतली. ब्लेडने डाव्या बाजूची एक फळी दोन्ही कडांनी कापली, गरम पाण्याचा बोळा ठेवून फेविकॉल मऊ केला आणि तीन इंचांचा तुकडा उचलून काढला. सहा फूट म्हणजे आपल्या प्रमाणाने तीन इंच. त्या जागी मी हेदाचे लाकूड घातले नाही. सुताराकडून सागाची एक चिपटी मागून आणली, कारण ती फळी बाकीच्या होडीहून वेगळ्या वर्षाची, वेगळ्या झाडाची होती. ती बसवली तेव्हा शेजारच्या फळीपेक्षा केसभर वर राहिली. घासून सपाट करणार होते, पण मग आठवले, खरी फळीही तशीच किंचित वर होती. लहानपणी होडी किनाऱ्यावर असताना मी तिच्यावरून हात फिरवीत असे, म्हणून मला ते ठाऊक. तशीच राहू दिली.

रंग द्यायला घेतला आणि हात थांबला. होडी १९८९ साली हिरव्याची निळी झाली. ही फळी १९९३ सालची. म्हणजे ह्या फळीने हिरवा रंग कधी पाहिलाच नाही! बाकी होडीचा निळा पापुद्रा उडाला तर खालून हिरवा दिसेल, पण ह्या फळीवरचा उडाला तर कोरे लाकूड दिसायला हवे. मग मी हिरव्याचा हात न देताच तिच्यावर मीठ टाकले, वरून निळा टिपला, मीठ झाडले. सगळ्या होडीत तेवढीच एक तीन इंचांची जागा अशी आहे की जिथे निळ्याखाली नुसते लाकूड दिसते. प्रदर्शनात ती कुणाच्या लक्षात आली नाही. सांगितल्याशिवाय येण्यासारखी नाहीच.

मी ती पुन्हा आबांकडे नेली. आता त्यांची नजर फार मंद झाली आहे. त्यांनी डाव्या बाजूला अंगठ्याचे नख लावून फळीच्या कडा चाचपल्या, केसभर वर आलेला भाग त्यांना लागला. "बसली," एवढेच म्हणाले. मिस्त्री फळी ठोकून झाल्यावर हेच म्हणतात.

नंतर माझ्या भाच्याने मला एक माहिती वाचून सांगितली. एदमाँ पारीस नावाचा एक फ्रेंच आरमारी अधिकारी एकोणिसाव्या शतकात जगभर फिरला. मोठ्या लढाऊ जहाजांबरोबरच त्याने ठिकठिकाणच्या कोळ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या साध्या होड्या मोजल्या, त्यांची चित्रे काढली. त्यांत आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या नौकाही होत्या. पुढे १८७१ पासून तो पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख होता, तेव्हा त्याने अशा होड्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. ह्या होड्या कागदावर आखून बांधलेल्या नसल्यामुळे त्या गेल्या की मागे काही राहत नाही, म्हणून त्याचे काम आज मोलाचे ठरते. आपल्या किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांना किडा लागत नाही, त्या हलक्या, त्यांची डागडुजी सोपी. त्या आल्या हे योग्यच झाले. परंतु लाकडी होड्या मोडीत निघाल्या आणि त्या बांधणारे मिस्त्रीही एकेक करून जात आहेत. त्यांची मापे कुणी लिहून ठेवायची?

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. आपण रुखवतात वृंदावन करतो, बैलगाडी करतो, विहीर करतो, आणि सगळे कोरे करकरीत करतो. ते शोभेला चांगलेच. पण आपल्या प्रत्येकीच्या माहेरी किंवा सासरी एखादी कामाची वस्तू असेल: माग, घाणा, मोट, गाडी, भट्टी. ती वापरणारे माणूस अजून घरात असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. माप विचारा आणि मग विचारा, इथे काय घासत होते? एवढ्या एका प्रश्नावर जी माणसे एरवी बोलत नाहीत ती बोलू लागतात. आणि जे कळेल ते लपवू नका. डागासकट करा.

होडी आता आबांच्या खाटेशेजारी फळीवर असते. गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी मी ती चार दिवस मागून आणली होती. शेजारच्या वस्तूंवर "हात लावू नये" अशा चिठ्ठ्या होत्या. माझ्या होडीवर मी ती चिठ्ठी लावली नव्हती. हात लागून तिचा रंग आणखी थोडा झिजला, तर त्याचेही कारण माझ्या वहीत लिहिता येईल.